तू मागवशील तेच

११ जानेवारी, शनिवार

सासूबाईंचा फोन आला. माजी सासूबाई म्हणायला हवं, पण तसं म्हटलं की त्या माजी मंत्री असल्यासारख्या वाटतात. म्हणाल्या, "अरे, मटण खायला येतोस का?"

घटस्फोट होईपर्यंत मी त्यांचा ‘जावईबापू’ होतो, ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ होतो. कागदावर सह्या झाल्या आणि त्याच आठवड्यात त्या ‘अरे’ आणि ‘तू’वर आल्या. तेव्हा अपमान वाटला नाही, उलट बढती मिळाल्यासारखं वाटलं. पण नंतर माझ्या पोरीच्या, चिमणीच्या, वाढदिवसापलीकडे आमची भेट नव्हती. मग आज एकदम मटण?

कारण त्यांनी सांगितलं. त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या आधीच्या बायकोनं, त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट बघितला आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून मांस हद्दपार केलं. दर रविवारी येऊन फ्रिज उघडून बघते म्हणे. हॉटेलात एकटीनं बसायला त्यांना आवडत नाही. "आणि तू खाणारा माणूस आहेस," म्हणाल्या. "पालेभाजी चघळणाऱ्यासमोर बसून हाड फोडण्यात काय मजा?"

मला हे कारण पटलेलं नाही. बाई विनाकारण फोन करणाऱ्यांतल्या नाहीत. तिनंच तर त्यांना सांगितलं नसेल ना, बघ जरा तो कसा आहे म्हणून? मी दोनदा दाढी केली.

त्या त्यांची छोटी गाडी घेऊन आल्या. मी रंगाच्या दुकानासमोर उभा होतो, हात केला, तरी पुढे निघून गेल्या. ओरडलो तेव्हा करकचून ब्रेक मारला. म्हणाल्या, ओळखलंच नाही, बारीक झालास. मी बारीक झालेलो नाही. पट्ट्याला नवीन भोक पाडलंय ते बाहेरच्या बाजूला.

बसडेपोच्या मागच्या हॉटेलात गेलो. बाकडी, लोखंडी तवा, भिंतीवर फळ्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ. पूर्वी ह्या बाई वेटरला तीनदा परत पाठवायच्या. कुठला तुकडा, मांडीचा की मानेचा, कधी कापलं, सगळं विचारायच्या. आज फळ्याकडे मान वर करून म्हणाल्या, "तू मागवशील तेच मला."

किती साधे शब्द, पण मला बरं वाटलं. बारा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या निवडीवर कधी विश्वास टाकला नव्हता.

मेंढीच्या बरगड्या मागवल्या. त्या हातानं खातात, हाड तोंडाशी धरून असा आवाज काढतात की शेजारचा माणूस वळून बघतो. लेकीचा विषय मात्र एकदाही काढला नाही. आणि बोलताना माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, कानाकडे बघत होत्या. काहीतरी लपवतायत.

१४ जानेवारी

दुपारी एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन खोलीत. डबा खाताखाता लिहितोय. दोराच्या तीन तारा तुटलेल्या सापडल्या. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, तीनच ना? त्यांना समजावताना घसा बसला.

कामात लक्ष असतं तोवर ठीक. हात थांबले की डोक्यात एकच भुंगा: त्यांनी का बोलावलं?

१८ जानेवारी, शनिवार

पुन्हा फोन, पुन्हा जेवण. म्हणजे पहिलं काही सहज नव्हतं.

ह्या वेळी टायरच्या दुकानावरच्या मजल्यावरचं हॉटेल. एकमेकांचे मेहुणे असलेले दोघं मिळून चालवतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. एक भाजतो, एक वाढतो, आणि कमीजास्त झालं की दोघंही गिऱ्हाइकामार्फत निरोप पाठवतात. "त्याला सांगा, मीठ कमी घाल." कलेजी फार सुरेख होती. बाहेरून करपल्यासारखी, आत लोण्यासारखी. मी दोन ताटं संपवली.

सासूबाई दाराकडे बघत म्हणाल्या, चौकट वाकडी बसवलीय, पाहिलीस? मधेच फुगलीय. माझ्या पिशवीत पाणसळ होती. त्या हात धुवायला गेल्या तेव्हा लावून बघितली. बुडबुडा बरोबर मध्यावर. चौकट अगदी सरळ. पाणसळ पिशवीत टाकली. वडीलधाऱ्या माणसाला चौकटीवरून काय खोटं पाडायचं.

बिल आलं ते त्यांनी तसंच माझ्याकडे सरकवलं. "बघ रे, बरोबर लावलंय का." त्यांनी मला बिल तपासायला द्यावं! पूर्वी ह्या बाईंच्या नजरेतून एक पाव सुटायचा नाही. माणूस वयानुसार मऊ होतो हे खरं. की माझ्याबाबतीत मऊ झाल्यात? निघताना विचारणार होतो, ती कशी आहे. विचारलं ते गाडी कुठे लावलीय.

२ फेब्रुवारी, रविवार

चिमणी दिवसभर माझ्याकडे होती. आठ वर्षांची झाली, पण बसल्या जागी पाय हलवायची सवय तशीच. माझीच सवय. आम्ही दोघं एका टेबलाशी बसलो की टेबल थरथरतं.

गुरुवारी पोहण्याच्या क्लासवरून तिला आजी आणते, कारण तिच्या आईला औषधाच्या दुकानात संध्याकाळची पाळी असते. चिमणी म्हणाली, "आजी मला पुढे बसवते आणि आम्ही एक खेळ खेळतो. सिग्नल आला की रंग मी ओरडायचा. जो आधी ओरडेल तो जिंकला. आजी नेहमी हरते."

मला हसू आलं. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेली बाई, नातीला आतापासूनच तयार करतेय. मी लहान होतो तेव्हा असं कुणी खेळवलं असतं तर परवाना पहिल्या फटक्यात मिळाला असता.

चिमणीला खाऊ घातलं, सोडून आलो. दार तिच्या आईनं उघडलं. दोन वाक्यं बोललो, दोन्ही दप्तराबद्दल.

६ फेब्रुवारी

खोलीत बसवत नाही. फ्रिजचा आवाज, खालच्या छापखान्याचा आवाज, आणि ते थांबले की त्याहून वाईट. संध्याकाळी कामावरून सुटलो आणि एकाच फेरीत तीन हॉटेलं पालथी घातली. पहिल्यात सळईवरचं भाजलेलं, दुसऱ्यात वाटीभर रस्सा, तिसऱ्यात तंगडी. तिसरीला चव होती की नाही सांगता येणार नाही. एकट्यानं खाताना मी फार भराभर खातो. ताट रिकामं होतं आणि पुन्हा हात मोकळे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज त्या म्हणाल्या, गाडी तू चालव, माझा गुडघा धरलाय. मी जरा टरकलो. लग्नाआधी ह्यांनी मला एकदा गाडी चालवताना बघितलं होतं आणि ‘हा मुलगा माझ्या मुलीला सांभाळेल, पण गिअर सांभाळणार नाही’ असा निकाल दिला होता. आज वाटेत एका शब्दानं टोकलं नाही. एका कोपऱ्यावर मी उशिरा ब्रेक दाबला तरी समोर बघत शांत बसल्या होत्या. आणि उतरून झपझप पायऱ्या चढून गेल्या, गुडघ्याचं नाव नाही.

धीर करून विचारलं, ती माझ्याबद्दल काही बोलते का. त्या बराच वेळ चावत राहिल्या. मग माझ्या कानाकडे बघून म्हणाल्या, ती कामात असते.

ह्यात ‘नाही’ कुठे आहे? ‘नाही’ म्हणायचं असतं तर त्या सरळ म्हणाल्या असत्या. घरी येताना मी शीळ घालत होतो, खालच्या छापखान्यातला माणूससुद्धा बघायला लागला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवतो.

आम्ही मेहुण्यांच्या हॉटेलात होतो. समोर बरगड्यांचा ढीग. इतक्यात दारातून ती आली. माझी बायको, म्हणजे होती ती. चिमणीनं सांगितलं असणार, शनिवारी आजी आणि बाबा टायरच्या दुकानावरच्या हॉटेलात जेवायला जातात म्हणून. ती टेबलाशी येऊन उभी राहिली, हाताची घडी, ओठ मिटलेले. राग आला की ती बोलत नाही, नुसती उभी राहते. त्या उभं राहण्याला मी बारा वर्षं घाबरलो. आजही घास तोंडातच राहिला.

सासूबाईंनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, जरा ही हाडं उचला, आणि पाव आणा दोन."

तिचा चेहरा पांढरा पडला. एक क्षण थांबली, मग वळली आणि जिना उतरून गेली.

मी हसलो. कबूल करतो, खो खो हसलो. सख्ख्या लेकीला वेटर करून टाकलं! तिच्या त्या घडी घातलेल्या हातांना आजवर कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. मी म्हणालो, आई, कमाल केलीत, तिला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

सासूबाईंनी हातातली बरगडी खाली ठेवली. "कोण होतं?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं नाटक पुढे चालू आहे. म्हणालो, कोण म्हणजे, तुमची लेक. त्या ताटाच्या कडेला बोटं टेकवून बसल्या. मग विचारलं, ती काय म्हणाली. म्हटलं, काहीच नाही, गेली. पुढे त्यांनी एक घास घेतला नाही. वाढणाऱ्या मेहुण्यानं विचारलंसुद्धा, काही बिघडलं का, त्याला सांगू का.

बोलून गेल्या आणि मग पश्चात्ताप झाला असावा. आई शेवटी आईच. आता तिची समजूत काढायला त्यांना मीच मधे लागणार. पाय काही जमिनीवर ठरत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

चिमणीला घेऊन रस्ता ओलांडत होतो. फोन वाजला म्हणून मी खिशात हात घातला, तर ती मोठ्यानं ओरडली, "हिरवा! चल." मी म्हणालो, मला दिसतोय की गं. तर म्हणाली, "सवय झालीय. आजीला सांगावं लागतं ना. तिला मधलं दिसत नाही, फक्त बाजूबाजूचं दिसतं. पण ते गुपित आहे, बाबा. आईला सांगायचं नाही."

मी तिचा हात धरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. भोंगे वाजायला लागले. तिनंच मला ओढून पलीकडे नेलं.

खेळ नव्हता तो. माझी पोर दर गुरुवारी त्या गाडीत पुढच्या सीटवर बसून एका न दिसणाऱ्या बाईला सिग्नल सांगत होती. आणि मी ते ऐकून हसलो होतो, इथे लिहूनही ठेवलं होतं.

उद्या त्यांच्या घरी जायचं ठरवलं.

१७ फेब्रुवारी

अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्यांच्या घरी गेलो. बेल वाजवून मुद्दाम बोललो नाही. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

"मी आहे, आई."

त्या बाजूला झाल्या. त्यांना कळलं की मला कळलंय. चहा टाकायला गेल्या. मी म्हटलं राहू द्या, तर ऐकलं नाही. कप भरताना बोट आत धरून ठेवतात, चहा बोटाला लागला की थांबतात. हे मी आज बघितलं.

मग बसून सांगितलं. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक धुरकट डाग आहे. जिकडे बघावं तिकडे तोच आधी जाऊन बसतो. सरळ रेघा वाकड्या दिसतात, अक्षरं तुटतात, चेहरे तर पार पुसले जातात. कडेनं बघितलं की थोडं सापडतं, म्हणून कानाकडे बघून बोलायचं. डॉक्टरांनी डोळ्यात द्यायच्या सुया सुचवल्या होत्या. त्या एकदा गेल्या, पुन्हा गेल्या नाहीत. लेकीला कळलं की ती किल्ली काढून घेणार, एकटीला राहू देणार नाही. "सगळ्या शहराला मी चालवायला शिकवलं, आणि मला हात धरून जिना उतरवणार," म्हणाल्या.

मी विचारलं, इतके महिने तिच्या लक्षात कसं आलं नाही?

"ती येते, फ्रिज तपासते, औषधं तपासते, भाजी आणलीय का बघते. मला बघायला तिला वेळ कुठे असतो? आणि आली की मी तिच्यासमोर हलतच नाही जागेवरून."

मग मला जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. मलाच का बोलावलं? मैत्रिणी आहेत, भाची आहे, शेजारीण आहे.

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "राग मानू नकोस. दुसऱ्या कुणीही पहिल्या घासालाच ओळखलं असतं. तू आपल्याच नादात असतोस. तुला काही दिसत नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून तुला बोलावलं."

मी राग मानला नाही. म्हणजे त्यांच्या लेकीनं काही विचारलं नव्हतं, काही सांगितलं नव्हतं. त्या शनिवारांत मी जे जे वाचत होतो त्यातलं काही तिथे नव्हतंच.

गाडीची किल्ली मागितली. दिली नाही. म्हणाल्या, नातीला परत कधी बसवणार नाही, शपथ. पण लेकीला सांगू नकोस. दारापर्यंत आल्या, माझी बाही धरून पुन्हा तेच म्हणाल्या. ही बाई कुणाची बाही धरणाऱ्यांतली नाही.

१८ फेब्रुवारी

सांगितलं. औषधाच्या दुकानात गेलो, गिऱ्हाइकं कमी होईपर्यंत खोकल्याच्या औषधांसमोर उभा राहिलो, आणि काउंटरपलीकडून तिला सगळं सांगितलं. सिग्नलचंही. शनिवारी आईनं तिला ओळखलं नव्हतं, हेही.

ती आधी रागावली, मला वाटतं माझ्यावर. मग हातातली गोळ्यांची पाकिटं तिनं काउंटरवर एकावर एक रचली. म्हणाली, "मला वाटलं आई माझी थट्टा करतेय. तीन दिवस मी तिला फोन केला नाही." कपाटाकडे तोंड करून उभी राहिली. मी काउंटरच्या अलीकडे होतो आणि पलीकडे जायचा मला काही अधिकार नव्हता.

२१ फेब्रुवारी

सासूबाईंचा फोन. एवढंच म्हणाल्या, "किल्ली गेली. तुझं काम झालं." ठेवून दिला.

९ मार्च

त्या फोन उचलत नाहीत. चिमणी सांगते, आजीच्या डोळ्यात सुई देतात, ती ओरडत नाही. एक डोळा थोडा वाचेल म्हणे.

शनिवारी एकटाच बसडेपोच्या मागे गेलो. बरगड्या मागवल्या, अर्ध्या बांधून घेतल्या आणि त्या पुडक्यासकट शहरभर फिरलो. कुणाच्या दारात द्यायच्या ते ठरेना. शेवटी घरी आणून फ्रिजमध्ये ठेवल्या. तशाच आहेत.

केलं ते बरोबर केलं. तरी एका जागी बसवत नाही.

२९ मार्च, शनिवार

सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, आई नीट जेवत नाही. मी बनवते ते सगळं परत पाठवते. डॉक्टर म्हणाले, महिन्यातून दोनदा मटण खाल्लं तर काही आभाळ कोसळत नाही. मी नेते म्हटलं तर म्हणते, तुझ्याबरोबर नको, तू माझ्या ताटाकडे बघत बसशील, त्यालाच सांग. "तुला वेळ आहे का?" तिनं विचारलं.

नदीकाठच्या रस्त्यावर नवीन हॉटेल निघालंय, बाहेर निखाऱ्यांची शेगडी आहे. तिथे भेटायचं ठरलं. मी आधीच जाऊन उभा होतो. टॅक्सी थांबली. ती आधी उतरली, आईला हात द्यायला गेली, आईनं तो झटकला, मग दोन पावलांवर पुन्हा पकडला. माझ्याकडे बघून तिनं मान हलवली, टॅक्सीवाल्याशी काही बोलली, आणि त्याच टॅक्सीनं कामावर गेली.

आत बसलो. सासूबाई अजून रागातच होत्या. वेटर आला तेव्हा मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, वरपासून खालपर्यंत. त्यांनी वेटरला तीन प्रश्न विचारले आणि त्याला आत पिटाळलं. खांद्याचा तुकडा मागवला, निखाऱ्यावरचा. आला तेव्हा मी सांगितलं, हाड डाव्या बाजूला, चरबी वरच्या कडेला, कांदा पलीकडे. त्या खायला लागल्या.

मग हात पुसत, माझ्या कानाकडे बघत त्यांनी विचारलं, "ती कशी दिसते रे हल्ली?"

मी म्हटलं, बरी दिसते.

"तसं नको. तिला विचारलं तर म्हणते, आहे तशीच. तिचा चेहरा मला गेलं वर्षभर दिसलेला नाही. तू आत्ता बघितलीस ना तिला? मला नीट सांग."

मी डोळे मिटले. वाटलं काहीच आठवणार नाही. पण आठवलं. मी त्या टॅक्सीपाशी खरोखर बघितलं होतं.

सांगितलं, केस कापलेत, मानेपर्यंतच आहेत. कानाजवळ पांढरे झालेत आणि ती रंगवत नाही. त्या म्हणाल्या, रंगवत नाही? मी म्हटलं, नाही, आणि तिला ते शोभतात. गाल थोडे बसलेत. डोळ्यांखाली काळं आहे, झोप कमी पडत असणार. चष्मा बदललाय, आता काळ्या काड्यांचा आहे. निळा सदरा होता, बाह्या दुमडलेल्या, आणि वरचं बटण दुसऱ्या रंगाचं.

"हसते?"

"टॅक्सीवाला काहीतरी बोलला तेव्हा हसली. खालचा ओठ दाताखाली धरून."

"माझ्या आईसारखी," त्या म्हणाल्या. मग, "थकलेली दिसते?"

"हो."

"दुःखी?"

ह्याला मला वेळ लागला. तोंडात घास होता, तो चावून संपवला. गेले कित्येक महिने ह्या प्रश्नाचं मला हवं ते उत्तर मी घेऊन फिरत होतो. पण मी ती टॅक्सीच्या दाराशी कशी उभी होती ते पुन्हा बघितलं, पर्स खांद्यावर टाकताना, वळताना, आणि जे दिसलं तेच सांगितलं.

"नाही, आई. दुःखी नाही दिसत."

त्यांनी मान हलवली. "चांगलं आहे," म्हणाल्या.

मीही म्हणालो, चांगलं आहे. शेगडीचा धूर आमच्याकडे वळला होता, दोघांचेही डोळे पुसून झाले. त्यांनी ताट चाचपून एक तुकडा उचलला, माझ्या ताटात टाकायला गेल्या आणि तो टेबलावर पडला. मी तो उचलून खाल्ला.

"आणखी सांग," त्या म्हणाल्या. "हात कसे आहेत तिचे?"